हुंगून दिलेलं पाणी

मंगळवार, दुपार

प्रिय शीतल,

पत्र पाहून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत, म्हैस व्यालीय, आणि मी तुझ्यावर रागावलेलीही नाही. फोन असताना ही बाई कागद का खरडत बसलीय, असं तुझ्या मनात आलंच असेल. अगं, घरातला चालू फोन एकच, तो तुझ्या आबांच्या खिशात, आणि तुझा फोन आला की ते स्पीकर लावून ओट्यावर बसतात. तू 'आई, गुडघे कसे आहेत' विचारतेस आणि उत्तर समोरची पुष्पाबाई देते. मला जे सांगायचंय ते आबांदेखत सांगता येत नाही, कारण ते आबांबद्दलच आहे. तुझ्या भूमिकाला सुट्टी लागली की ती इकडे येणार, या नुसत्या विचारानं मी दरवर्षी हरखून जाते. यंदा तोच विचार नकोसा वाटतो. मला भीती वाटते, शीतल. आधी सगळं नीट वाच, मग माझं डोकं फिरलंय का ते ठरव.

यंदा ऊन असं आहे की सकाळी दहानंतर ओट्यावर पाय ठेववत नाही. केळीचा घड वाचावा म्हणून आबांनी मळ्याच्या कडेला शेवरीची झाडं वाढवलीत, त्यांची बरी सावली पडते. मजूर माणसं पहाटेच येतात आणि उन्हं चढली की खोपीत बसतात. अशा दिवसांत आपल्याकडे सोन्यापेक्षा बाटली मोठी. तुला आठवतं ना, लग्नाहून सगळ्या बायका बुंदीचं पाकीट घेऊन येतात आणि तुझी आई मांडवातल्या रिकाम्या बाटल्या पिशवीत भरून आणते? तू लाजून दहा पावलं पुढे चालायचीस. पण त्याच बाटल्यांवर हे घर चालतं, बाई. एकीच्या झाकणाला भोकं पाडली की अंगणात सडा मारायची झारी झाली. एक अर्धी कापली की धान्य काढायचं माप. एकीत एरंडेल, एकीत फिनेल, एकीत म्हशीच्या पोटफुगीचं औषध. थंडीत गरम पाणी भरून मी गुडघ्याला लावून बसते. ओट्यावर कुंकवाचं लाल पाणी भरून दोन ठेवल्यात, कुत्री येऊ नयेत म्हणून; आपला लंगडा कुत्रा त्यातल्याच एकीला टेकून झोपतो, ही गोष्ट वेगळी.

पण मळ्यातल्या बाटल्यांचं तसं नाही. त्यांना मी जाड कापडाची कव्हरं शिवते, तुला ठाऊक आहे. यंदाची कव्हरं जावईबापूंच्या जुन्या जीन्सची आहेत; त्यांना सांगू नकोस, त्यांना वाटतं ती पँट मी गरिबाला दिली. कव्हर भिजवून बाटली खुंटीला टांगली की भर दुपारीसुद्धा माठासारखं गार पाणी मिळतं. फक्त एक होतं, आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. आणि मळ्यात सगळ्याच गोष्टी बाटल्यांत असतात. फवारणीचं उरलेलं औषध बाटलीत, इंजिनाचं डिझेल बाटलीत, शेजाऱ्यानं वाटून घेतलेलं तणनाशकही बाटलीतच. तू लहान होतीस तेव्हा आपल्या छगनकाकांनी तहानेच्या भरात अशीच एक बाटली तोंडाला लावली. माणूस वाचला, पण पुढे आयुष्यभर भाकरी दुधात कुस्करूनच त्याच्या घशाखाली उतरली. तेव्हापासून आबांनी रीत पाडली. आपल्या मळ्यात कुणालाही पाणी द्यायचं तर आधी आबा झाकण उघडणार, डोळे मिटून हुंगणार आणि मगच बाटली पुढे करणार. 'पी व माय, बेधडक पी.' त्यांचं नाक म्हणजे साऱ्या शिवाराचं नाक. पुष्पाबाईकडे गॅस गळत होता तेव्हा रस्त्यानं जाता जाता ओळखून त्यांनी चूल विझवायला लावली होती. आता या शिवारात बाटलीवर चिठ्ठी लावायची गरज कुणाला वाटत नाही. आबा आहेत ना.

आणि तुझी लेक! तिचा तर तो खेळच. मागच्या सुट्टीत दिवसभर केळीच्या ओळींतून पळायची, तहान लागली की हाताला येईल ती बाटली खुंटीवरून ओढायची आणि ती घेऊन आबांपुढे उभी. तुमच्या धुळ्याकडची अहिराणी उचललीय तिनं. 'आबा, हाई पानी चांगलं शे का?' मग आबा मुद्दाम उशीर लावून हुंगणार, नाक मुरडणार, मान हलवणार, आणि शेवटी 'शे, शे, चांगलं शे' म्हणणार. मग ही गटागटा पिणार. माझ्या हातचं पाणी ती पीत नाही, म्हणते आजी हुंगत नाही. तिच्या मनात आबांनी हुंगलं म्हणजे ते पाणी झालं. आता तुला कळेल मी कशाला घाबरते.

आबांना वास येत नाही, शीतल.

कधीपासून, ते मला सांगता येणार नाही. हिवाळ्यात त्यांना मोठं पडसं झालं होतं, तेव्हापासून असेल, किंवा त्याआधी मोटारसायकलवरून पडले तेव्हापासून. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं ते दुधानं. मी वाळवणं घालायला गच्चीवर गेले होते, दूध गॅसवर. आबा तिथेच, शेगडीपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेले. खाली आले तर सगळं घर जळक्या वासानं भरलेलं, पातेलं काळं ठिक्कर, आणि हे आपले केळीचे भाव वाचतायत. मी खूप बोलले. ते म्हणाले, पेपरात गुंगलो होतो. मीही म्हटलं, असेल. तुझे वडील नाकावर माशी बसू देत नाहीत, त्यांना कोण काय म्हणणार. मग एकदा आंबलेलं वरण त्यांनी मुकाट्यानं संपवलं. जो माणूस कालची भाजी ताटात आली की ताट सारायचा, त्यानं. मग अत्तराचा प्रकार झाला. मेहरूणला मावशीच्या नातवाचं लग्न होतं, तिथे दारात कुणीतरी सगळ्यांच्या मनगटाला अत्तर लावत होतं. आबांनी मनगट नाकाशी नेलं, एकदा, दोनदा, आणि शेजारच्याला विचारलं, 'चमेली आहे का?' तो म्हणाला, गुलाब आहे, आबा. ते हसले. पण त्यांचं हसणं मी इतकी वर्षं पाहतेय. ते हसणं नव्हतं ते.

तरी मनाची खात्री पटेना. म्हणून मी एक केलं. चांगल्या मूठभर लसणाच्या पाकळ्या ठेचून पाण्यात घातल्या, ते पाणी गाळून एका कव्हराच्या बाटलीत भरलं आणि मळ्यात त्यांच्या खुंटीवर टांगलं. लसूणच तो, कुणाचं काही बिघडणार नव्हतं. गुंताबाई पाणी मागायला आली. तू तिला पाहिलं नाहीस. सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेली आहे, नवरा-बायको दोघं आपल्याकडे कामाला असतात, फार कष्टाळू. आबांनी बाटली काढली, झाकण उघडलं, डोळे मिटले, नेहमीसारखं मन लावून हुंगलं आणि बाटली तिच्या हातात दिली. ती एक घोट घेते न घेते तोच थुंकली. साऱ्या बायका पदराआड हसायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, आज आबांनी गुंताची मस्करी केली. आबाही हसले, म्हणाले, 'मंग, उन्हात लसूण चांगला असते.' सगळे हसत होते आणि मी ती बाटली उचलून बांधावर रिकामी केली. मला वाटत होतं तेच खरं निघालं, आणि ते खरं निघू नये म्हणून मी तो खटाटोप केला होता.

त्यानंतर मी रोज मळ्यात जायला लागले. गुडघे कुरकुरतात, पण जाते. बाटल्या मीच भरते, मीच टांगते. आबांना वाटतं म्हातारीला हल्ली शेतीचा उमाळा आलाय. पण शीतल, बाटल्या काय एकट्या माझ्या हातून येतात का? मागच्या आठवड्यात शेजारचा प्रेमराज आपली एक बाटली पाण्यासाठी घेऊन गेला होता. परत आणून दिली तेव्हा मी घरी जेवण बांधत होते. त्यानं बांधावर तणनाशक मारलं, उरलेलं फेकण्यापेक्षा आबांना उपयोगी पडेल म्हणून त्याच बाटलीत ओतलं आणि जागच्या जागी, पाण्याच्या बाटल्यांशेजारी, टांगून गेला. भला माणूस आहे. वाईट मनानं केलं नाही. नंतर मी त्याला गाठून विचारलं, अरे, सांगितलं का नाहीस, निदान एखादी चिठ्ठी लावायचीस. तर तो माझ्याकडे नवलानं पाहायला लागला. 'आबांच्या वावरात चिठ्ठी कायले लावायची, काकू? झाकण उघडलं की ओळखतीन ते.'

झाकण उघडलं, शीतल. माझ्यासमोर उघडलं. मी जेवणाचं गाठोडं सोडत बसले होते, आबा माझ्यापासून दोन हातांवर. गुंताबाई ऊन लागून घामाघूम, तिचा हात पुढे. आबांनी डोळे मिटून हुंगलं. मला बसल्या जागी तो वास आला, असा की घसा खाजला. आणि आबा म्हणाले, 'पी व माय.' मी कशी उठले ते मला माहीत नाही. गाठोडं एकीकडे, भाकरी मातीत, आणि माझा हात बाटलीवर. हिरवं पाणी आबांच्या पायजम्यावर सांडलं, खाली जमिनीवर सांडलं. गुंताबाईला तेव्हा वास आला. तिनं पदर नाकाला लावला, माझ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि कामाला निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःची बाटली घरून आणते, कमरेला बांधून. मजुरांत सगळ्यात आधी तिलाच कळलं. बाकीच्यांना आबा सांगत होते की घामानं हात निसरडा झाला, बाटली सटकली.

घरी आल्यावर मी विचारलं. चांगल्या शब्दांत विचारलं, खोटं नाही सांगत. म्हटलं, आपण जळगावला जाऊ, नाकाच्या डॉक्टरला दाखवू, कुणाला कळणारही नाही. तर असे भडकले! 'माह्या नाकाले काय धाड भरली? तुलेच भास होतात.' जेवले नाहीत त्या दिवशी. मी बाटल्यांची कव्हरं उसवून टाकली, म्हटलं निदान रंग तरी दिसेल. दोन दिवसांत पुष्पाबाईकडून नवी शिवून आणली त्यांनी, आणि तीही मला म्हणते, काय हो, तुमचं भांडण झालं का? काय सांगू तिला? गावाला सांगितलं तर आबांना चौकात बसणं मुश्किल होईल. केळीच्या वखारीतले व्यापारी अजून त्यांना बोलावतात, माल किती पिकलाय ते हुंगून सांगा म्हणून. परवासुद्धा गेले होते. घड हाताळून, देठ दाबून, अंदाजानं सांगून आले. खरं निघालं म्हणे. किती दिवस खरं निघेल?

आणि एक पाहिलं, ते कुणालाच सांगितलं नाही. सकाळी मी न्हाणीपाशी गेले तर आबा उंबऱ्यावर बसलेले. हातात साबणाची वडी. ती नाकाशी धरलेली, डोळे मिटलेले. मग वडी खाली ठेवली, खिशातून कापूर काढला, तो हुंगला. देवघरातली उदबत्तीसुद्धा आणली होती. लहान मूल हरवलेली वस्तू तीन-तीनदा त्याच जागी शोधतं, तसं करत होते गं. मी पाय न वाजवता मागे फिरले. म्हणजे त्यांना माहीत आहे. माझ्याआधीपासून माहीत असेल. तेही घाबरलेत आणि मीही घाबरलेय, आणि एका ताटापाशी बसून आम्ही दोघं केळीच्या भावावर बोलतो. राग कसला येतोय, त्या माणसाची कीव येते मला. त्यांच्या डोक्यात काही वाढत तर नसेल ना, अशी शंकाही येते. पुष्पाबाईच्या मावसभावाला असंच आधी वास यायचा बंद झाला होता. एकदा सहज गप्पांत ती पुढचं सांगायला लागली तेव्हा मी उठून आले.

पण आबांची काळजी एका बाजूला. ते मोठे आहेत, मी त्यांच्याजवळ आहे. भूमिकाचं काय करू? ती एका जागी बसणारी पोर नाही. मी चुलीपाशी असेन आणि ती मळ्यात पळेल. मी मळ्यात असेन आणि ती ट्यूबवेलवर जाईल. कुणाच्याही खोपीतून, कुणाचीही बाटली उचलेल. तिला तर शिकवलंच आहे आपण की आबांना विचारल्याशिवाय प्यायचं नाही. ती शहाणी आहे, विचारेल. आणि ते हुंगून हो म्हणतील, कारण नाही म्हणायचं तर का, ते सांगावं लागेल. नातीसमोर तरी ते 'मला कळत नाही' म्हणतील का? मी या प्रश्नाचं उत्तर किती वेळा शोधलं. कधी वाटतं, म्हणतील. तिच्यावर जीव आहे त्यांचा, तिच्यापुढे अभिमान गिळतील. पण गुंताबाईपुढे मी त्यांचा चेहरा पाहिलाय. अगदी शांत होता. त्या क्षणी त्यांनाही वाटत असेल की आज वास आला नाही म्हणजे पाणीच आहे. विषाची परीक्षा कुणी घेत नाही, शीतल, आणि आपण ती लेकराच्या तोंडानं घ्यायची?

दुसऱ्या बाजूचंही सगळं मी बोलून पाहिलं आहे स्वतःशी. तिच्यासाठी मी कुरडया केल्यात, गोड पापड केलेत, खोपीजवळ तिला झोका बांधून घेतलाय. म्हशीच्या रेडकाचं नाव ठेवायचं राहिलंय, ते ती ठेवणार असं ठरलंय. ती दोन महिने आली की या घराला घर म्हणावंसं वाटतं. तुझ्या सासूबाई म्हणतात, 'पोरगी मामाना गावले जाईसन बठ्ठं इसरी जास.' बरोबर आहे त्यांचं, इथे ती सगळं विसरते. म्हणूनच मी एवढे दिवस गप्प राहिले. वाटायचं, लक्ष ठेवीन, डोळ्यांत तेल घालून राहीन. पण परवा मळ्यातल्या सांडलेल्या जागेवर नजर गेली. तिथलं गवत पिवळं पडून आडवं झालंय, एवढ्याशा बाटलीनं. मग मात्र मी कागद घेतला.

आता बुधवारची सकाळ झालीय. आबा अंघोळीला गेलेत, पाणी ओतल्याचा आवाज येतोय, म्हणून भराभर लिहिते. तुला सांगितलं नव्हतं, त्यांनीच नको म्हटलं, अचानक जाऊन पोरीला गंमत दाखवायची होती: ते आज भूमिकाला न्यायला धुळ्याला येतायत. आठच्या गाडीनं निघतील, जळगावला गाडी बदलून दुपारपर्यंत धुळ्यातल्या देवपूरला तुझ्या दारात असतील. हे पत्र मी कुरडयांच्या डब्यात, कागदाखाली ठेवतेय. त्यांच्याच हातानं तुझ्याकडे येईल. डबा ते उघडणार नाहीत, तुला माहेरचं देताना ते कधी झाकणाला हात लावत नाहीत. शीतल, तिला त्यांच्यासोबत पाठवू नकोस. ताप आलाय म्हण, शाळेचा क्लास आहे म्हण, काय वाटेल ते खोटं बोल, पाप माझ्या माथी. ती रडेल, तेही रुसतील, तू दोघांकडेही पाहू नकोस. त्यांना चार दिवस ठेवून घे आणि योगराजरावांना सांगून चांगल्या डॉक्टरकडे ने. जावयापुढे ते नाही म्हणायचे नाहीत. ऐकलंच नाही आणि एकटेच परत आले, तर अंगणात उभे राहून माझ्याकडे पाहतील आणि त्यांना कळेल की हे मी केलं. मग या घरात काय होईल त्याची मला भीती वाटते. पण ती सोसता येईल मला. पाणी ओतायचं थांबलं. डबा बंद करते.

तुझीच,
आई